डर्ट बाईकच्या इंजिनची बेअरिंग्ज बदलायचीत? पहिल्यांदा फुल इंजिन खोलणाऱ्यांसाठी

सेकंड हँड डर्ट बाईक घेतली की एक ना एक दिवस इंजिन खालून गुरगुरायला लागतं आणि मेकॅनिक म्हणतो, साहेब हाफ इंजिनमध्ये (म्हणजे नुसतं हेड, सिलिंडर, पिस्टन काढून) भागणार नाही, फुल खोलावं लागेल, म्हणजे खालचं केसिंगसुद्धा. मग शोधाशोध सुरू होते आणि जे मिळतं ते एकतर फार वरवरचं असतं नाहीतर सगळं माहीत असलेल्यांसाठी लिहिलेलं असतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. घरच्या शेडमध्ये, साध्या हत्यारांनी हे काम नीट होतं, फक्त क्रम पाळावा लागतो आणि घाई चालत नाही.

इथे धरलेलं इंजिन म्हणजे सिंगल सिलिंडर टू-स्ट्रोक, ज्याचं केसिंग डावं-उजवं असं दोन भागांत उघडतं. डर्टसाठी फेरफार केलेली आरएक्स १००, आरएक्स १३५ किंवा बाहेरून आलेली वायझेड १२५, केएक्स १२५ ह्यांची इंजिनं ह्याच पद्धतीची. फोर-स्ट्रोक असेल तर कॅम चेन, ऑइल पंप आणि काहींत बॅलन्सर एवढं काम वाढतं, पण बेअरिंग काढायची-बसवायची रीत तीच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो, पुढचं सगळं ह्याच्यावरच उभं आहे: बेअरिंग ठोकून बसवायचं नसतं, केसिंग तापवून बसवायचं असतं. रिबिल्ड केल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा आवाज मारणारी जी इंजिनं बघायला मिळतात ना, त्यातल्या कितीतरी इंजिनांत बेअरिंगचा माल चांगलाच असतो, बसवताना हातोडीने वाट लावलेली असते.

१. आधी खात्री करा की खोलायची गरज आहे

खर्च आणि मेहनत दोन्ही मोठी आहे, त्यामुळे नुसत्या आवाजावर जाऊ नका. मॅग्नेटचं (क्रँकच्या टोकावरच्या फ्लायव्हीलचं) कव्हर काढा, मॅग्नेट दोन्ही हातांनी धरा आणि वर-खाली हलवून बघा. हाताला जरासुद्धा खेळ जाणवला तर मेन बेअरिंग, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतो ते, गेलं. मग हळूच फिरवा, खरखर लागते का, मध्येच अडकल्यासारखं होतं का ते बघा. सिलिंडर काढलेला असेल तर कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली ओढून बघा. तिथे खेळ शून्य हवा. रॉड आजूबाजूला थोडा सरकतो तो नॉर्मल आहे, त्याला घाबरून रॉड किट घ्यायला पळू नका.

दुसरी खूण धुराची. क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं, पांढरा दाट धूर निघतो आणि ऑइलची लेव्हल कुठेही गळती नसताना उतरत राहते. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर उलट, बाहेरची हवा आत जाते, मिक्श्चर लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडलिंग आपोआप चढतं आणि तसंच पळवत राहिलात तर पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. सील का गेलं हा प्रश्न स्वतःला विचारा, कारण बऱ्याच वेळा सील बिचारं चांगलं असतं, बेअरिंग ढिलं झाल्यामुळे क्रँक हलतो आणि सीलची कड खातो. नुसतं सील बदलून दिलं की महिन्या-दोन महिन्यांत गाडी परत दारात.

गिअर ऑइल काढताना ते स्वच्छ भांड्यात काढा आणि बोटावर घेऊन उन्हात बघा. बारीक राखाडी पेस्ट ड्रेन बोल्टच्या टोकावरच्या लोहचुंबकाला असतेच. पण चमकणारे पापुद्रे किंवा चिमटीत धरता येईल असा तुकडा दिसला तर इंजिन चालू न करता सरळ खोलायला घ्या.

२. काय काय लागणार

कागदपत्रांपासून सुरुवात करू, कारण त्याकडे कुणी बघत नाही. तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आणि पार्ट्स कॅटलॉग, दोन्ही पाहिजे. मॅन्युअलमध्ये टॉर्क आणि लिमिट असतात, कॅटलॉगच्या चित्रात कुठला वॉशर कुठल्या गिअरच्या मागे आहे ते दिसतं. रस्त्यावर रजिस्टर असलेली आरएक्स वगैरे असेल तर आरसी बुकवरचा इंजिन नंबर केसिंगवरच्या नंबराशी आधीच जुळवून घ्या आणि साफ करताना त्या जागी बफिंग, सँडब्लास्टिंग अजिबात करू नका. नंबर पुसट झाला तर पुढे आरटीओत उत्तरं देत बसावं लागतं.

हत्यारं:

- मॅग्नेट पुलर, तुमच्याच मॉडेलच्या आट्यांचा
- क्लच होल्डर आणि मॅग्नेट होल्डर
- इम्पॅक्ट ड्रायव्हर, तो हातोडी मारून फिरवायचा प्रकार
- केसिंग वेगळं करायचा स्प्लिटर
- गोटी पान्यांचा सेट, टॉर्क रेंच, सर्क्लिप प्लायर
- ब्लाइंड बेअरिंग पुलर, एका बाजूने बंद असलेल्या बेअरिंगसाठी
- क्रँक केसिंगमध्ये ओढून घ्यायचा पुलर
- व्हर्नियर, फीलर गेज, जमलं तर डायल गेज
- जुना ओटीजी किंवा हीट गन, जाड चामड्याचे ग्लोव्हज
- नायलॉनची हातोडी, लाकडाच्या दोन जाड फळ्या
- गॅस्केट सेट, सगळी ऑइल सील्स, थ्रेडलॉक, गॅस्केटचं लिक्विड सीलंट

ओटीजी घरच्या किचनमधला वापरू नका. भंगारवाल्याकडून किंवा ओळखीत कुणाचा पडून असलेला घ्या. एकदा त्यात ऑइल लागलेलं केसिंग तापवलं की त्यात पुन्हा खायचं काही करता येत नाही.

स्प्लिटर आणि क्रँक पुलर विकत घेणं परवडत नसेल तर भाड्याने किंवा उसने मिळवा, किंवा लेथवाल्याकडून करून घ्या, एक जाड पट्टी, मध्ये मोठा बोल्ट, कडेला तीन-चार लांब स्टड, एवढंच ते असतं. पण त्याच्याशिवाय काम सुरू करू नका. पेचकस घालून केसिंग उचकटायचं हा पर्याय नाही.

३. धुणं, फोटो आणि पुठ्ठा

इंजिन फ्रेमवर असतानाच बाहेरून डिझेल आणि ब्रशने साफ करा. लाल माती, चिखल, चेनचं ग्रीस सगळं निघालं पाहिजे, कारण फ्रंट स्प्रॉकेटच्या मागे बसलेली माती केसिंग उघडताना थेट गिअरबॉक्समध्ये पडते. क्लचचा आणि मॅग्नेटचा मोठा नटही इंजिन फ्रेमवर असतानाच ढिला करून घ्या, टेबलावर इंजिन धरून ठेवायला दुसरा माणूस लागतो.

प्रत्येक पार्ट काढायच्या आधी फोटो. काढल्यावरही फोटो. बोल्टसाठी एका पुठ्ठ्यावर केसिंगचा आकार काढा आणि ज्या जागेचा बोल्ट त्या जागी भोक पाडून खोचून ठेवा. केसिंगचे बोल्ट दिसायला सारखे आणि लांबीला वेगळे असतात, लांब बोल्ट आखूड जागी घातला की तळाला टेकतो, तुम्हाला वाटतं घट्ट बसला, आणि नाहीतर सरळ केसिंग फुटतं.

४. वरचं आणि दोन्ही बाजूचं काढणं

हेड, सिलिंडर, पिस्टन हे क्रमाने काढा. पिस्टनचे सर्क्लिप काढण्याआधी केसिंगच्या तोंडात स्वच्छ फडकं भरा, क्लिप उडून आत गेली तर शोधत बसाल. हे सर्क्लिप परत वापरायचे नाहीत.

मॅग्नेटच्या बाजूला दोन गोष्टी सांभाळा. पुलर हाताने पूर्ण आत जाईपर्यंत फिरवा, काहींचे आटे उलटे असतात, ते मॅन्युअलमध्ये बघा, आणि अर्धेच आटे धरलेले असताना मधला बोल्ट आवळलात तर मॅग्नेटचे आटे उपटून येतात. पुलर ताणात आला की त्याच्या बोल्टच्या डोक्यावर एक छोटा टोला द्या, मॅग्नेट टणकन सुटतो. आत क्रँकवर अर्धचंद्रासारखी छोटी चावी असते ती लगेच काढून पिशवीत टाका.

जुन्या जपानी गाड्यांच्या साईड कव्हरला फुलीचे स्क्रू असतात. साध्या पेचकसने प्रयत्न केलात तर दुसऱ्याच मिनिटाला स्क्रूचं डोकं गोल होतं. इम्पॅक्ट ड्रायव्हर लावा, दोन टोल्यांत सुटतो. परत बसवताना ॲलनचे बोल्ट घाला.

क्लचच्या नटाच्या खाली बहुतेक वेळा दुमडलेला लॉक वॉशर असतो, तो आधी सरळ करा. क्लच होल्डर नसताना गिअरच्या दातांत पेचकस घालून नट सोडणारे बघितलेत, दाताचा टवका उडतो आणि मग बेअरिंगपेक्षा महाग काम निघतं. क्लचच्या मागचे वॉशर, नीडल बेअरिंग, बुश ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा.

गिअर शिफ्टचा शाफ्ट, स्टॉपर, फ्रंट स्प्रॉकेट आणि त्याच्या मागचा कॉलर हे सगळं काढून झालं का ते बघा. कॉलरच्या आत छोटी ओ-रिंग असते, ती हमखास राहते.

५. केसिंग उघडणं

सगळे बोल्ट काढले असं वाटलं की परत एकदा मोजा. एखादा क्लचच्या मागे किंवा मॅग्नेटच्या प्लेटखाली लपलेला असतो.

स्प्लिटर लावून हळूहळू आवळा. क्रँकच्या बाजूला फट पडली आणि गिअरबॉक्सच्या बाजूला नाही पडली तर थांबा, काउंटर शाफ्टच्या (फ्रंट स्प्रॉकेट बसतो त्या शाफ्टच्या) टोकावर नायलॉन हातोडीने हलके टिपरे द्या म्हणजे दोन्ही बाजू सारख्या उघडतील. जोर लागतोय म्हणजे काहीतरी अडकलंय, जोर वाढवू नका, अडकलेलं शोधा. दोन भागांच्या मध्ये पेचकस कधीही घालायचा नाही. त्या कडेवर पडलेला एक ओरखडा म्हणजे कायमची हवेची गळती, आणि टू-स्ट्रोकला ती परवडत नाही.

उघडल्यावर क्रँक आणि गिअर एकाच भागात राहतील असं बघा. गिअर काढायच्या आधी दोन-तीन बाजूंनी फोटो घ्या, शिफ्ट फोर्क (गिअर सरकवणारे काटे) कुठला कुठे आहे त्याच्यावर मार्कर लावा. शाफ्टच्या टोकाचे पातळ वॉशर ऑइलमुळे केसिंगला चिकटून राहतात, ते बोटाने चाचपून काढा. एक वॉशर राहिला तर नंतर गिअर निसटतो आणि कारण सापडता सापडत नाही.

क्रँक एका बाजूच्या बेअरिंगमध्ये घट्ट बसलेला असेल तर स्प्लिटरनेच ढकलून काढा. क्रँकच्या टोकावर हातोडी मारायची नाही, का ते पुढे सांगतो.

६. जुनी बेअरिंग्ज काढणं

आधी प्रत्येक बेअरिंगवरचा नंबर वाचून कागदावर लिहा, कुठल्या जागेचा ते पण लिहा. त्याचं तोंड कुठल्या बाजूला होतं, एका बाजूला सील होतं का, हेही. मग सील्स काढा, आणि बेअरिंग अडवून ठेवणाऱ्या छोट्या प्लेट्सचे स्क्रू काढा. ते थ्रेडलॉक लावलेले असतात, हीट गनने थोडं तापवून इम्पॅक्ट ड्रायव्हरने सोडा. हे स्क्रू विसरून बेअरिंग काढायला गेलात तर केसिंगला तडा जाऊ शकतो.

केसिंग ऑइलमुक्त धुवा, पूर्ण सुकू द्या, पेट्रोलचा वाससुद्धा राहता कामा नये, मग ओटीजीत १०० ते १२० डिग्रीवर अर्धा तास ठेवा. सगळीकडे सारखं तापलं पाहिजे. थर्मामीटर नसेल तर पाण्याचा थेंब टाका, चर्रर्र करून नाचत उडून गेला की झालं. गॅस कटिंगच्या टॉर्चने एकाच जागी तापवू नका, केसिंग वाकतं.

हे का चालतं ते समजून घ्या म्हणजे विश्वास बसेल. ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. ५२ मिमीचं भोक ८० डिग्रीने तापलं की साधारण ०.१ मिमीने मोठं होतं, आणि बेअरिंग बसवताना ठेवलेला घट्टपणा त्याच्यापेक्षा कमी असतो, काही शतांश मिलिमीटरचा. म्हणजे योग्य तापमानाला बेअरिंगला धरून ठेवणारं काही उरतच नाही.

ग्लोव्हज घालून केसिंग बाहेर काढा, बेअरिंगचं तोंड खाली करून लाकडी फळीवर सपाट आपटा. बेअरिंग टपकन खाली पडतं. नाही पडलं तर परत ओव्हनमध्ये, हातोडीकडे जाऊ नका. एका बाजूने बंद जागेतलं बेअरिंग गरम केसिंगमधून ब्लाइंड पुलरने ओढा.

कधीकधी बेअरिंग केसिंगऐवजी क्रँकबरोबर निघून येतं. तेव्हा बेअरिंग आणि क्रँकच्या मध्ये सेपरेटरच्या दोन पाती घालून पुलरने काढा. केटीएमच्या काही इंजिनांत रोलर बेअरिंग असतं, त्याची बाहेरची रिंग केसिंगमध्ये आणि आतली रिंग क्रँकवर राहते, तिथे दोन्ही बदलायच्या, एक नवी एक जुनी असं करायचं नाही.

७. सीट तपासा

बेअरिंग निघाल्यावर त्याची जागा, म्हणजे सीट, नीट बघा. एकसारखी राखाडी असेल तर छान. गोल-गोल चकाकणाऱ्या रेघा दिसल्या तर बेअरिंग बाहेरच्या रिंगसकट केसिंगमध्ये फिरत होतं. दुसरी खूण म्हणजे थंड केसिंगमध्ये नवीन बेअरिंग अंगठ्याने दाबून आत जाणं. तसं झालं तर जागा मोठी झालीय.

अशा वेळी काही जण सीटवर सेंटर पंचने ठिपके मारून बेअरिंग बसवतात. ते टिकत नाही, ठिपक्यांची टोकं घासली जातात आणि बेअरिंग वाकडंही बसतं. खेळ अगदी नाममात्र असेल तर बेअरिंगसाठीचं रिटेनिंग लिक्विड चालतं. जास्त असेल तर चांगल्या लेथवाल्याकडून सीट बोअर करून बुश घालून घ्या. कोल्हापूरकरांना शिवाजी उद्यमनगर आहे, पुणेकरांना भोसरी, बाकीच्यांनी आपल्या एमआयडीसीत विचारावं. फक्त त्याला सांगा की दोन्ही केसिंग एकत्र जोडून सेंटर काढायचंय, एकेक वेगळं धरून नाही.

८. नवीन बेअरिंग विकत घेताना

नंबर वाचायला शिका, दुकानात कुणी गंडवणार नाही. ६२०५ घ्या. ६ म्हणजे साधं बॉल बेअरिंग, २ म्हणजे हलकी सिरीज, आणि शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणलं की आतलं भोक, २५ मिमी. बाहेरचा व्यास ५२, जाडी १५. तसंच ६३०४ म्हणजे मधली सिरीज, भोक २०, बाहेरचा व्यास तोच ५२, जाडी १५. शेवटचे आकडे ०४ आणि पुढचे असतील तरच हा गुणाकार चालतो, ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७ मिमी.

नंबरनंतर येणारं सी३ सगळ्यात महत्त्वाचं. त्याचा अर्थ बेअरिंगच्या आत बॉल आणि रिंगमध्ये नेहमीपेक्षा जास्त फट. क्रँकवर बेअरिंग घट्ट बसतं, वरून इंजिन तापतं, त्यामुळे ती फट कमी होते, आणि साधं बेअरिंग घातलं तर फट संपून बॉल आवळले जातात. दुकानदार म्हणेल सी३ नाहीये, साधं घेऊन जा, एकच आहे. एकच नाहीये. उभं राहून वाद घालू नका, दुसऱ्या दुकानात जा.

दोन्ही बाजूंनी रबरी किंवा पत्र्याची सील असलेलं बेअरिंग क्रँकला घालू नका, मूळचं तसं नसेल तर. टू-स्ट्रोकच्या क्रँकला पेट्रोलमधलं २टी ऑइल त्या उघड्या बाजूनेच मिळतं. बेअरिंगचा पिंजराही जुळवून बघा, मूळचा नायलॉनचा आहे की पत्र्याचा, आणि शक्यतो तसाच घ्या. क्रँकच्या काही बेअरिंग्जवर कंपनीचा स्वतःचा खास नंबर असतो, त्याला बाजारातलं मिळतंजुळतं न शोधता ओरिजिनल पार्ट नंबरनेच मागवा.

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात नाना पेठ, इथे सगळं मिळतं पण नकली मालही भरपूर फिरतो. बॉक्सवरची छपाई पुसट, बेअरिंगवरची अक्षरं नखाने खरवडल्यावर निघतात, भाव बाकीच्यांच्या निम्मा, असं दिसलं की ठेवून द्या. एसकेएफचं ऑथेंटिकेट नावाचं ॲप आहे, त्यात बॉक्सचा फोटो टाकून तपासता येतं. पक्कं बिल घ्या.

आणि इंजिन उघडलंच आहे तर सगळी बेअरिंग्ज आणि सगळी सील्स एकदम बदला. क्रँकची दोन, गिअरबॉक्सची, शिफ्ट ड्रमचं असेल तर ते, पिस्टन पिनचं नीडल बेअरिंग. एकच खराब आहे, बाकी राहू दे असं म्हणणारे भेटतील. जे बेअरिंग गेलं त्याचा चुरा बाकीच्यांतूनच फिरलाय. एका बेअरिंगचे पैसे वाचवून पुन्हा सगळं खोलायला लागणं ह्यात काही बचत नाही.

९. क्रँकचं काय करायचं

टू-स्ट्रोकचा क्रँक एका तुकड्याचा नसतो. दोन जाड चकत्या, त्यांच्यामध्ये दाबून बसवलेली पिन, पिनवर नीडल बेअरिंग आणि रॉड. वेल्डिंग नाही, बोल्ट नाही, केवळ घट्टपणावर उभं आहे. म्हणून टोकावर एक जोराचा घाव बसला की एक चकती पिनवर किंचित फिरते आणि क्रँक तिरका होतो. डोळ्याला काहीच दिसत नाही, पण नवीन बेअरिंग त्या तिरक्या क्रँकवर थोडेच दिवस टिकतं.

रॉडला वर-खाली खेळ असेल तर रॉड किट घाला, पण हे काम घरी नाही. हायड्रॉलिक प्रेस, जिग आणि डायल गेज असलेल्या माणसाकडेच द्या. परत घेताना त्याच्यासमोर व्ही-ब्लॉकवर फिरवून दोन्ही टोकांचा रनआउट, म्हणजे फिरताना टोक किती डुगडुगतं ते, दाखवायला सांगा. बहुतेक मॅन्युअलमध्ये लिमिट ०.०३ ते ०.०५ मिमीच्या आसपास असतं, तुमच्या मॉडेलचं बघून जा. डोळ्याने सरळ केलाय म्हणणाऱ्याकडून क्रँक घेऊ नका. चांगला माणूस सुई हलताना दाखवायला स्वतःच उत्सुक असतो.

१०. नवीन बेअरिंग बसवणं

बेअरिंग्ज प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, पिशवी उघडी राहिली तर आत बर्फ धरतो. नवीन बेअरिंग पेट्रोलने धुवायचं नाही. केसिंग पुन्हा ओटीजीत, तेच १०० ते १२० डिग्री. टेबलावर सगळं मांडून ठेवा, कारण केसिंग बाहेर काढल्यावर तुमच्याकडे मिनिटभराचाच वेळ आहे.

केसिंग फळीवर सपाट ठेवा, बेअरिंग पिशवीतून काढा, नंबरची बाजू जुन्यासारखी आहे ना बघा, आणि सरळ सोडा. चांगलं तापलेलं असेल तर बेअरिंग स्वतःच्या वजनाने आत जातं आणि तळाला लागल्यावर टक् असा भरीव आवाज येतो. तिरकं अडकलं तर ठोकू नका, काढून परत तापवा. अगदी शेवटचा एखादा मिलिमीटर राहिला तर बाहेरच्या रिंगएवढ्या मापाची गोटी ठेवून त्याच्यावर हलका टोला चालतो.

इथला नियम पाठ करा. केसिंगमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रिंगवर, शाफ्टवर बसवताना दाब आतल्या रिंगवर. उलटं केलंत तर सगळा जोर बॉलमधून जातो, रिंगवर बारीक खड्डे पडतात आणि बेअरिंग पहिल्या किकपासूनच गुणगुणायला लागतं.

थंड होईपर्यंत बेअरिंग दाबून धरा. मग बोटाने आतली रिंग फिरवा, गुळगुळीत फिरली पाहिजे. प्लेट्सचे स्क्रू थ्रेडलॉक लावून घट्ट करा. केसिंगमध्ये बेअरिंगकडे जाणारी ऑइलची छोटी भोकं असतात, त्यांत वायर घालून मोकळी आहेत ना ते बघा.

सील्स केसिंग पूर्ण थंड झाल्यावर, कडेला ग्रीस लावून. स्प्रिंगची बाजू साधारणपणे क्रँकच्या आतल्या बाजूला. काही इंजिनांत सील बेअरिंगच्या आधी आतून बसतं, म्हणून काढतानाचे फोटो बघूनच ठरवा.

११. क्रँक ओढणं आणि केसिंग बंद करणं

क्रँक रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलेला असेल तर काम सोपं जातं. बेअरिंगच्या आतल्या रिंगला हीट गनने गरम करा, पण १२० डिग्रीच्या वर नाही, सीलला आच लागू देऊ नका, आणि क्रँक सरळ आत सोडा. जेवढा राहील तेवढा पुलरने ओढून घ्या. ओढताना रॉड सिलिंडरच्या तोंडात सरळ उभा धरा, नाहीतर केसिंगच्या कडेवर अडकून वाकेल. सीलच्या कडेवरून क्रँक जाताना तिथे ग्रीस असू द्या.

मग गिअर, फोर्क, ड्रम फोटो बघत बसवा आणि ह्याच वेळी हाताने सगळे गिअर टाकून बघा. बंद केल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

दोन्ही कडा थिनरने पुसा. गॅस्केट असेल तर गॅस्केट, नसेल तर थ्रीबाँड किंवा अनाबाँडचं पेट्रोल-ऑइलला टिकणारं लिक्विड पातळ थरात. जास्त लावलं तर आतल्या बाजूला शेवया येतात आणि सुटून ऑइलच्या भोकात जातात. गाईड पिना जागेवर आहेत ना बघा. दुसरा भाग हाताने दाबून, गरज पडली तर तापवून, सारखा खाली आणा. बोल्ट आवळून केसिंग ओढून घेऊ नका, बोल्ट हे घट्ट करायला असतात, दोन भाग जवळ आणायला नाही. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत. ६ मिमीच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर, तरी मॅन्युअल बघाच.

बंद झाल्यावर क्रँक हाताने फिरवा. जड वाटला तर दोन्ही टोकांना नायलॉन हातोडीचे अगदी हलके टिपरे द्या, म्हणजे बेअरिंगवरचा बाजूचा ताण सुटतो. त्याने मोकळा झाला पाहिजे. नाही झाला तर परत उघडा, चालू केल्यावर मोकळा होईल ही आशा ठेवू नका.

१२. हवा भरून गळती तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते टू-स्ट्रोकमध्ये हीच सगळ्यात मोलाची आहे. टॉप एंड, म्हणजे पिस्टन, सिलिंडर आणि हेड, बसवल्यावर एक्झॉस्टचं तोंड रबरी बुचाने बंद करा, प्लग लावा, आणि कार्ब्युरेटरच्या रबराकडून हवा भरा. तिकडूनच, कारण रीड व्हॉल्व्ह (इनटेकमधली फक्त आतल्या बाजूला उघडणारी झडप) आतल्या दाबाने बंद होतो आणि प्लगच्या भोकातून भरलीत तर इनटेकचा भाग तपासलाच जात नाही.

पंप म्हणून जुन्या बीपी मशीनचा फुगा आणि डायल झकास चालतो. सुई ३०० वर न्या, म्हणजे सहा पीएसआयला थोडं कमी. ह्याच्या वर जाऊ नका, सील उलटं होतं. आता सहा मिनिटं थांबा. सुई मिनिटाला ५० च्या आत उतरली तर ठीक, भराभर पडली तर साबणाचं पाणी ब्रशने सील्स, केसिंगचा जोड, बेस गॅस्केट सगळीकडे लावा, बुडबुडे जागा दाखवतात. क्लचच्या बाजूचं सील गळत असेल तर गिअर ऑइल भरायच्या भोकाला साबणाचा पडदा धरा, तो फुगतो.

१३. चालू करणं

गिअर ऑइल मॅन्युअलच्या मापाने. पेट्रोलमध्ये २टी ऑइलचं प्रमाण तुमच्या मॅन्युअलप्रमाणे, ३२:१ असेल तर लिटरला ३१ मिली, पाच लिटरला १५६. मोजपात्राने मोजा, अंदाजाने ओतू नका. पहिल्या किकच्या आधी प्लग काढून आणि इग्निशन बंद ठेवून वीस-पंचवीस किक मारा, म्हणजे बेअरिंग्जपर्यंत ऑइल पोचेल.

पहिल्यांदा चालू करून इंजिन बाहेरून हाताला गरम लागेपर्यंतच ठेवा, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. असं दोन-तीन वेळा. मग मोकळ्या मैदानात अर्ध्या थ्रॉटलवर, स्पीड वर-खाली करत, एकाच आरपीएमला धरून न ठेवता. उंच उड्या आणि फुल थ्रॉटल लगेच नको.

एअर फिल्टर धुऊन, फिल्टर ऑइल लावून, कडेला ग्रीस लावून बसवा. आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ पिठासारखी बारीक असते, कोरड्या फिल्टरमधून सरळ क्रँकपर्यंत जाते आणि नवीन बेअरिंगला आतून घासते. वॉशिंग सेंटरला गाडी दिलीत तर त्या पोराला आधीच सांगा की स्प्रॉकेटच्या मागच्या सीलवर आणि एअर बॉक्समध्ये प्रेशर मारायचं नाही.

पहिल्या राईडनंतर गिअर ऑइल काढा, पुन्हा स्वच्छ भांड्यात, पुन्हा उन्हात बघा. थोडी पेस्ट असणार, सीलंटचा एखादा बारीक धागा असणार. ड्रेन बोल्टचं लोहचुंबक पुसून नवीन ऑइल भरा, इंजिन माउंटिंगचे आणि सिलिंडरचे नट थंड इंजिनवर एकदा टॉर्क रेंचने तपासा, आणि मॅग्नेट धरून तो वर-खालीचा खेळ परत एकदा बघून घ्या.